बावन्न पुस्तकांची वही

व्यापारी घरात वर्ष तीनदा सुरू होते. एक जानेवारीला भिंतीवरची दिनदर्शिका बदलते, एक एप्रिलला सरकारचे वर्ष लागते आणि दिवाळीच्या पाडव्याला आपले. अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायचा, संध्याकाळी वहीपूजन करायचे आणि पाडव्याला कोऱ्या पानावर नव्या संवताचा आकडा घालायचा, हा क्रम आमच्या घरी संगणक आल्यानंतरही मोडलेला नाही. हिशेब आता यंत्रात असतो. लाल वही पूजेपुरती उरली आहे. वीर निर्वाण संवत २५५१ च्या पाडव्याला पूजेच्या वह्यांत एक वही जास्तीची होती. तिच्या पहिल्या पानावर मी लिहिले : पुस्तके ५२.

ही कल्पना माझी नव्हे. वर्षारंभी वाचनाचा आकडा ठरवायचा, तो चार जणांना सांगायचा आणि वर्षभर त्याचा पाठलाग करायचा, अशी पद्धत हल्ली तरुण मंडळींत रूढ आहे. पुण्यात शिकणारी माझी भाची दरवर्षी असा आकडा जाहीर करते. तिने मला विचारले, “मामी, तुम्ही किती?” आणि मी आठवड्याला एक या हिशेबाने बावन्न म्हणून मोकळी झाले.

साहित्याच्या व्यवहारात आकडा आणणे काही जाणकारांना रुचत नाही. वाचन म्हणजे काय तागा आहे मोजून फाडायला, असे ते म्हणतात. मला मात्र त्यात संकोच वाटला नाही. आपल्याकडे आकड्यावाचून नियमच होत नाही. माळेचे मणी एकशे आठ, परिग्रहपरिमाण घ्यायचे तर वस्तूंची संख्या, प्रवासाची मर्यादा घ्यायची तर योजने किंवा कोस. ‘जमेल तसे करीन’ हा नियम नव्हे, हे लहानपणी पाठशाळेतच शिकवले जाते. मन पळवाटा काढण्यात तरबेज असते. आकडा त्याची एकेक वाट बंद करीत जातो.

मग हिशेब मांडला. एक पुस्तक सरासरी दोनशे पानांचे धरले तर बावन्न पुस्तकांची दहा हजार चारशे पाने होतात. दिवसाला साडेअठ्ठावीस. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा. तेवढ्या वेळात माझी मराठी पाने पंचवीस होतात, हे घड्याळ लावून पाहिले. राहिलेली साडेतीन पाने दुकानात गिऱ्हाईक नसताना उरकता येतील, असा अंदाज बांधला. वाचनाला मी सामायिक म्हणत नाही. तो अविनय होईल. पण वेळेचे ते माप घरात सर्वांच्या ओळखीचे आहे. “मी आता अठ्ठेचाळीस मिनिटे बसते आहे,” असे म्हटले की कोणी हाक मारीत नाही, आणि घरातल्या बाईला हा लाभ थोडा नव्हे.

आणखी एक सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे, तिची आठवण आपण क्वचितच ठेवतो. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. इतर घरांत साडेआठ-नऊला कुठे पाने मांडली जातात, तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातला दिवा केव्हाच मालवलेला असतो. आरती आणि स्तोत्र झाल्यावर झोपेपर्यंतचा जो लांब पट्टा मोकळा राहतो, तो हल्ली बहुतेक घरांत दूरदर्शन संच आणि मोबाइल खाऊन टाकतात. मी त्यातला एक तुकडा परत मागून घेतला, इतकेच.

तरी वर्ष काही सरळ जात नाही. आमचे दुकान सोलापुरात चादरी आणि टॉवेलांचे. दिवाळीची धांदल ओसरते न ओसरते तोच संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा येते आणि गावात पाहुण्यांची रीघ लागते. मग लग्नसराई, मग मार्चअखेर. पण एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या पुढे गेला की दुपारी दोन ते चार या वेळेत रस्त्यावर माणूस दिसत नाही. शटर अर्धे ओढून, पंख्याखाली, ताग्यांच्या चळतीला टेकून मी जेवढे वाचले, तेवढे घरी कधीच झाले नसते. आमच्या घरी हे रोज विचारायचे, “किती झाली?” आणि मी आकडा सांगितला की म्हणायचे, “पुस्तकं येतायत खरी. उधारी कधी येणार?”

त्यांची थट्टा निर्विष असते. पण तिच्या मुळाशी एक फार जुनी समजूत आहे : वाचणाऱ्याचे दुकान बसते. ती किती जुनी आहे, हे मला बनारसीदासांच्या ‘अर्धकथानक’मध्ये कळले. जौनपूरच्या श्रीमाळ जैन जवाहिऱ्याचा हा मुलगा १५८६ साली जन्मला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्याने स्वतःची जीवनकथा पद्यात लिहिली. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले, म्हणून ही अर्धी कथा. तरुणपणी त्याला काव्याचा आणि शृंगाराचा नाद लागला, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी बजावले की, फार शिकणे हे ब्राह्मण आणि भाट यांचे काम. वाण्याच्या पोराने हाटात बसावे. चारशे वर्षांपूर्वीचे हे शब्द आमच्या पेढीवर काल बोलले गेले असते तरी कोणी दचकले नसते.

गंमत अशी की, त्या वाण्याच्या पोराला वाचनानेच तारले. आग्र्याला व्यापारासाठी नेलेला माल बुडाला, हातात पैसा उरला नाही. तेव्हा बनारसीदास रात्री आपल्या बिऱ्हाडी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचून दाखवीत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून बनारसीदास दोन्ही वेळा उधारीवर कचोऱ्या खात राहिले, सहा-सात महिने. पुढे हिशेब झाला तेव्हा एकूण रक्कम चौदा रुपये निघाली. ग्रंथ वाचणारा तो, आणि उधारीच्या कचोरीची रक्कमही काव्यात नोंदवून ठेवणारा तोच. माझ्या बावन्नांच्या यादीत मला एवढा आपला माणूस दुसरा भेटला नाही.

दुसरे उदाहरण गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’मधले. रायचंदभाईंवरचे प्रकरण अनेकांनी वाचलेले असेल. हिऱ्या-मोत्यांचा लाखोंचा व्यवहार करणाऱ्या या जवाहिऱ्याच्या गादीवर काही ना काही धर्मग्रंथ आणि टिपणवही असायचीच. सौदा पुरा झाला रे झाला की ते त्यात बुडून जात, हे गांधीजींनी स्वतः पाहून लिहिले आहे. आपण श्रीमद् राजचंद्रांची प्रतिमा भिंतीवर लावतो. पेढीवर उघडे ठेवलेले ते पुस्तक मात्र प्रतिमेबरोबर घरी आणत नाही.

चैत्र उजाडला तेव्हा वहीत चोवीस नोंदी होत्या, म्हणजे आठवड्यांच्या मानाने मी पुढेच होते. आकड्याचा एक दुर्गुण तोवर ध्यानात येऊ लागला होता. वाचनालयात गेले की डोळे आधी पुस्तकाच्या पाठीची जाडी पाहत. इरावतीबाईंच्या ‘युगान्त’कडे हात गेला तो महाभारतासाठी की आटोपशीरपणासाठी, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. भाची तर म्हणते, मार्गशीर्षात जाड पुस्तके वाचावीत आणि आश्विनात पातळ.

त्याच चैत्रात आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोळ्यांचा निर्णय लागला. वय चौऱ्याऐंशी. मोतीबिंदू पूर्वीच काढलेला होता. आता डॉक्टरांनी सांगितले की, दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची झीज झाली आहे; कडेकडेचे दिसत राहील, समोरचे अक्षर लागणार नाही. तसेच झाले. त्यांना दाराची चौकट दिसते, दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

आई चौथी शिकलेल्या. पण दुपारची भांडी झाली की, चष्मा लावून त्या ग्रंथ उघडणार, यात मी पस्तीस वर्षांत खंड पाहिला नाही. ग्रंथ मोजकेच. समन्तभद्राचार्यांचा ‘रत्नकरंड श्रावकाचार’ तर इतक्या वेळा वाचला की, त्याची शिवण दोनदा घालावी लागली. डॉक्टरांकडून परत आल्यावर त्यांनी चष्मा पुसला, डबीत घातला आणि डबी देवघराच्या खणात ठेवून दिली. बोलल्या काहीच नाहीत. चार दिवस दुपारी नुसत्या बसून राहिल्या.

पाचव्या दिवशी मी म्हटले, “आई, मी वाचून दाखवते. श्रावकाचार काढू?”

“तो कशाला? तो येतो मला,” त्या म्हणाल्या. “जे येत नाही ते वाच.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. श्रावकाचाराचे दीडशे श्लोक त्यांना अर्थासह मुखोद्गत आहेत. भक्तामर तर आहेच. मी पोथी हातात धरून पडताळून पाहिले. दोन ठिकाणी मीच वाचताना चुकले आणि त्यांनी दुरुस्त केले. डोळे गेले, ग्रंथ गेला नाही.

त्या रात्री मी माझी लाल वही उघडली नाही. न उघडता चोवीस पुस्तकांची नावे आठवायला बसले. एकोणीस आठवली. ज्यांच्यातले काही मी दुसऱ्याला धड सांगू शकेन, अशी अकरा. वर्षाचे काम अर्धेही झालेले नव्हते आणि तेरा पुस्तकांचा माल कोठारातून नाहीसा झालेला होता, चोरीची कुठे खूण नसताना. उद्या माझेही डोळे असेच गेले, आणि ही झीज कोणाला सांगून येत नाही, तर या बावन्नांपैकी माझ्यापाशी काय राहील, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझी अठ्ठेचाळीस मिनिटे आईंच्या खाटेशेजारी जाऊ लागली. मोठ्याने वाचले की वेग निम्मा होतो. पंचवीस पाने होत तेथे बारा-तेरा होऊ लागली. पहिले काढले माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’. माणदेशातल्या धनगरवस्तीवर आलेला तो कोवळा मास्तर, कारभारी, मेंढरे, आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेली वाडी. आईंनी ७२ चा दुष्काळ संसारात राहून पाहिलेला. पुस्तक संपल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माणसं गेली. पण ती पोरं अक्षर विसरली असतील का गं?” मी ते पुस्तक आधी दोनदा वाचले होते. हा प्रश्न मला कधी पडलेला नव्हता.

‘अर्धकथानक’ त्यांच्यासाठी मी पुन्हा वाचले. मूळ जुनी हिंदी. नाथूराम प्रेमींच्या आवृत्तीच्या आधाराने मी एकेक पद्य मराठीत उलगडून सांगत असे. कचोरीवाल्याच्या हिशेबाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवले. “चौदा रुपये ना? आणि रोज रात्री त्यानं कथा ऐकली, त्याचं काही वजा केलं की नाही?” वाण्याच्या घरात उभे आयुष्य काढलेल्या बाईचा हा सवाल. आमचे हे बाहेरच्या खोलीतून मोठ्याने हसले. त्या दिवसापासून ते संध्याकाळच्या वाचनाला येऊन बसतात. पेपर हातात धरून, म्हणजे ऐकत नसल्यासारखे.

ज्येष्ठात श्रुतपंचमी आली. दरवर्षी आपण शास्त्रांची वेष्टने बदलतो, पूजा करतो. यंदा त्या दिवसाची कथा मला निराळी ऐकू आली. गिरनारच्या गुंफेत वृद्ध धरसेनाचार्यांना चिंता लागली होती की, पाठांतराने चालत आलेले श्रुत आपल्याबरोबर लोपेल. म्हणून त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून शिकवले, आणि त्या दोघांनी षट्खंडागम ग्रंथबद्ध केला. स्मरण क्षीण होत चालले म्हणून पुस्तक आले. शतकानुशतके त्याची ताडपत्रे मूडबिद्रीच्या भांडारात पूजेपुरतीच राहिली. त्यांची नक्कल व्हावी म्हणून गेल्या शतकापूर्वी ज्यांनी खटपट केली, त्यांत आमच्या सोलापूरचे हिराचंद नेमचंद होते, एक व्यापारी गृहस्थच. आज सोळा खंड छापील मिळतात आणि आपण निर्धास्त आहोत : कपाटात आहे ना, मग झाले. तोच निर्धास्तपणा माझ्या चोवीस नोंदींत होता.

भाद्रपदात दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. दहा दिवस, दहा अध्याय, सारी मिळून ३५७ सूत्रे. छापले तर हातात मावेल एवढे पुस्तक. माझ्या वहीच्या मापाने ते दोन दिवसांत ‘झाले’ असते. समाज ते पिढ्यान्पिढ्या दरवर्षी ऐकतो आणि झाले असे कोणी म्हणत नाही. नवव्या दिवशी तपाच्या प्रकारांत स्वाध्यायाचे पाच भेद आले : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनात घोळवणे, शुद्ध पाठ पुन्हा पुन्हा म्हणणे, दुसऱ्याला सांगणे. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण या वर्षी मंदिरात आईंना हाताला धरून बसवले असताना ऐकले, आणि माझी वही पाचांतल्या पहिल्याच खान्याची बेरीज करीत होती हे दिसले. कथा-कादंबऱ्यांना स्वाध्याय म्हणण्याचा आग्रह मी धरणार नाही. शास्त्र ते शास्त्र. तरी वाचलेले अंगी कसे लागते, याची रीत दोहोंना एकच असावी, असे माझ्या अल्पमतीला वाटते.

लक्ष्मीपूजनाला हिशेब बंद केला. एकूण एकोणचाळीस. त्यांत सहा पुस्तके आईंना वाचून दाखवलेली. भाचीचा फोन आला. तिची साठ झाली होती आणि तिचे मला मनापासून कौतुक आहे, कारण वसतिगृहाच्या गोंगाटात साठ ही थोडी गोष्ट नाही. तिने विचारले, “मामी, तेरा कमी पडली?” मी म्हटले, “बाकी पुढे ओढली.” ती वाणिज्य शाखेची, तिला ते कळले.

नव्या वहीची आखणी मी बदलली आहे. कीर्दीसारखी दोन अंगे केली. डाव्या अंगाला पुस्तक आणि तिथी. उजवे अंग महिनाभर कोरे ठेवायचे आणि मग पुस्तक न उघडता जे आठवेल ते लिहायचे, कोणाशी त्याविषयी बोलणे झाले असेल तर तेही. फेरवाचन नव्या पुस्तकाइतकेच मोजायचे. आकडाही हवाच, तो काढून टाकला की मार्गशीर्षात उद्या-परवा करता करता होळी येते, हे मी माझ्या स्वभावावरून सांगते. पण किती घालावा, ते ठरेना. म्हणून पाडव्याला आईंना विचारले.

आश्विनापासून आमचे ‘स्मृतिचित्रे’ चालू आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे विलक्षण सोवळे ऐकून आई पोट धरून हसल्या होत्या, आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या होत्या की, मुनिमहाराजांच्या आहाराच्या दिवशी आपल्या घरी काय कमी असतं? टिळकांनी धर्मांतर केल्याचा भाग आला त्या संध्याकाळी त्यांनी मला दोनदा मागची पाने वाचायला लावली. नवऱ्याच्या वाटेवर न जाता एकटी राहिलेली ती बाई त्यांच्या मनातून जात नव्हती. चार भागांतला मोठा हिस्सा अजून व्हायचा आहे, आणि दिवाळीच्या गडबडीत आमचे आठ दिवस बुडाले होते.

“किती लिहू, आई?” मी पेन उघडून विचारले.

“आकडा मागाहून टाक,” त्या म्हणाल्या. “त्या बाईला तशी मधेच ठेवून तू वही कसली पुजतेस? आण आधी ते पुस्तक.”